‘अनुभव : नाही’ असं लिहिण्याआधी

भांडी आवरून झाली असतील, शेतावरून आलेल्या जरा टेकल्या असतील, तर रेडिओ जवळ घ्या. हाताशी कागद आणि पेन्सिल असेल तर तीही घ्या. आज आपण नोकरीसाठी द्यायच्या बायोडाट्याबद्दल बोलणार आहोत.

बायोडाटा म्हटलं की आपल्याला आठवतो तो लग्नाचा. वर गणपती, मग जन्मवेळ, उंची, रंग, देवक, मामाचं गाव. हसू नका. आम्ही चौघी जणी दर बुधवारी ग्रामसंघाच्या खोलीत बसतो, गटातल्या बायकांचे अर्ज लिहून देतो, वाचून बघतो. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या कागदांपैकी तीन कागदांवर ‘रंग : गव्हाळ’ असं होतं. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायला बाई हवी असेल, तर तिच्या रंगाचं त्यांनी काय करायचं? चूक त्या बायकांची नाही. आजवर आपल्याबद्दल कागदावर काही लिहिलं गेलं ते एवढंच, लग्नाच्या वेळी. त्यामुळे दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली की हात त्याच वळणावर जातो.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवू. अंगणवाडी सेविका, मदतनीस, अशा सरकारी जागा निघतात तेव्हा ठरलेला छापील अर्ज असतो. त्यातले रकाने भरायचे, दाखले जोडायचे, आणि निवड ठरलेल्या गुणांवर होते. तिथे सुंदर बायोडाटा जोडून काही फरक पडत नाही. पण शेतकरी उत्पादक कंपनी, खासगी दवाखाना, दूध डेअरी, वसतिगृह, कापड दुकान, एखादी संस्था, एमआयडीसीतला कारखाना, इथे तुमच्याआधी तुमचा कागद आत जातो. टेबलावर पंचवीस-तीस कागद पडलेले असतात आणि वाचणारा प्रत्येकाला दोन मिनिटंसुद्धा देत नाही. त्या दोन मिनिटांत त्याला काय दिसतं, एवढाच आजचा विषय.

आता त्या ताईची गोष्ट सांगतो, जिच्यामुळे आम्ही हे बुधवारचं बसणं सुरू केलं. नाव सांगत नाही, ती ऐकत असेल. तालुक्याच्या गावी एका शेतकरी कंपनीला गोदामावर बाई हवी होती. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना एकत्र येऊन स्वतःची उत्पादक कंपनी काढायची सोय झाली, हे तुम्हाला माहीत असेल. आता अशा कंपन्या तालुक्या-तालुक्यात दिसतात. तर तिथे काम होतं आलेल्या तुरीचं, सोयाबीनचं वजन लिहायचं, बारदान्याचा हिशेब ठेवायचा, शेतकऱ्याला पावती द्यायची. ताईनं अर्ज केला. तिला बोलावणं आलं नाही. आमच्यातली एक जण दुसऱ्या कामासाठी त्या कचेरीत गेली होती, तिनं सहज विचारलं, आमच्या गावच्या बाईला का नाही बोलावलं? तिथल्या साहेबांनी गठ्ठ्यातून कागद काढला आणि समोर ठेवला. त्यावर लिहिलं होतं : सध्याचे काम, गृहिणी. अनुभव, नाही. ते म्हणाले, “मला हिशेब लिहिणारी बाई पाहिजे होती. या कागदावर ते कुठे आहे, तुम्हीच दाखवा.”

आमच्या बाईला उत्तर देता आलं नाही. कारण ही ताई आमच्या गटाची कोषाध्यक्ष. नऊ वर्षं.

त्या बुधवारी आम्ही तिच्या घरी गेलो आणि पेटीतून गटाच्या वह्या काढायला लावल्या. आधी तिला राग आला. म्हणाली, ते काय काम आहे होय, ते तर आपलं आपलंच. आम्ही म्हटलं, तू फक्त विचारू त्याची उत्तरं दे. महिन्याला बचत किती? शंभर रुपये. जणी किती? बारा. कधीपासून? २०१४च्या जूनपासून. तेव्हा बरोबर नऊ वर्षं, म्हणजे १०८ महिने झाले होते. बारा जणींचे दरमहा बाराशे, गुणिले १०८. वहीच्या मागच्या पानावर तिनंच गुणाकार केला : १,२९,६०० रुपये. आकडा तिनं दोनदा मांडून बघितला, चुकलं असेल म्हणून.

मग कर्जाचं विचारलं. गटानं बँकेचं कर्ज तीनदा घेतलं, आधी एक लाख, मग दोन, मग तीन. हप्ते कोण गोळा करायचं? मीच. बँकेत भरायला कोण जायचं? मी आणि सचिव. कधी थकलं? नाही. रोकड वही कोण लिहितं, कर्ज खातेवही कोण लिहितं, सभासदांच्या पासबुकात नोंदी कोण करतं? मी, मी, मी. कधी पैसा कमी आला? यावर ती थांबली. म्हणाली, एकदा शंभर रुपये कमी आले होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी परत वही चाळली तेव्हा कळलं, एका बाईची बचत दोनदा लिहिली गेली होती.

उमेद अभियानातले गट पंचसूत्री पाळतात, हे आपल्याला पाठच आहे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित लेखे. आपण ती प्रतिज्ञेसारखी म्हणतो. पण शेवटचं सूत्र, नियमित लेखे, हे कुणीतरी बाई रात्री दिव्याखाली बसून लिहिते म्हणून पाळलं जातं ना? दुकानात हेच काम करणाऱ्याला मुनीमजी म्हणतात आणि पगार देतात.

मग आम्ही तिचा कागद नव्यानं लिहिला. ‘अनुभव’ या शब्दाखाली असं आलं :

महिला बचत गट, कोषाध्यक्ष, जून २०१४ पासून आजपर्यंत (९ वर्षे).
१२ सभासदांची दरमहा बचत गोळा करून बँकेत भरणे. एकूण जमा बचत १,२९,६०० रुपये.
रोकड वही, बचत व कर्ज खातेवही, सभासदांची पासबुके लिहिणे.
गटाने तीन वेळा मिळून ६ लाख रुपये बँक कर्ज घेतले. सर्व हप्ते वेळेवर भरले.
घरची शेती ४ एकर, सोयाबीन व तूर. माल वाळवणे, चाळणे, पोती भरणे, बाजार समितीत वजन व काटापट्टी तपासणे.

शेवटची ओळ घालायला तिचा ठाम विरोध होता. शेती काय, सगळेच करतात. पण विचार करा. ज्या गोदामावर ती जाणार, तिथे शेतकरी ओली सोयाबीन आणणार. बारा टक्क्यांच्या वर ओलावा असला की खरेदीत भांडण होतं. दाण्यावर दात ठेवून ओलावा ओळखणारी बाई तिथे असली तर निम्मी भांडणं दारातच मिटतात. शहरातून आलेल्या पदवीधर पोराला ते कळणार नाही. जी गोष्ट सगळेच करतात म्हणून आपण लिहीत नाही, ती नेमकी नोकरी देणाऱ्याला हवी असते.

पुढे काय झालं तेही सांगतो. ती पहिली जागा भरली गेली होती. दुसऱ्या एका कंपनीत तुरीच्या हंगामात माणसं हवी होती, तिथे हा कागद दिला. चार दिवसांत फोन आला. मुलाखतीत तिनं त्या शंभर रुपयांची गोष्ट सांगितली. हंगामापुरतं म्हणून ठेवलं, मग पुढच्या हंगामाला परत बोलावलं. अजून कायम केलेलं नाही. ती दर महिन्याला विचारते.

आता तुमच्या कागदाकडे येऊ. पेन्सिल घेतली असेल तर तीन गोष्टी लिहा : मी काय काम केलं, किती केलं, किती दिवस किंवा वर्षं केलं. पगार मिळाला का, हा प्रश्न इथे नाही. काम झालं का, हा आहे. बिनपगारी काम लिहिताना पगार मिळाला असं दाखवायचं नाही, एवढं मात्र पाळा.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एका बाईला तालुक्याच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम हवं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘स्वयंपाक चांगला येतो’. अहो, स्वयंपाक चांगला येतो असं लिहिणाऱ्या पन्नास निघतील. आम्ही विचारलं, शाळेत मुलं किती? ऐंशी, पहिली ते पाचवी. त्या वयाच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरतात, म्हणजे रोज ८ किलो तांदूळ, शिवाय डाळ, भाजी. साडेदहाच्या आत सगळं तयार. तांदळाची शिल्लक कोण बघतं? मीच मोजून देते, गुरुजी लिहितात. चव नोंदवही आहे का? आहे, गुरुजी आधी चव घेतात मग पानं वाढतो. किती वर्षं? सात. कधी मुलांना बाधलं? देवाच्या दयेनं नाही. हे सगळं चार ओळींत बसलं. फक्त एक दुरुस्ती आम्ही केली. तिनं ‘मी ८० मुलांचा स्वयंपाक करते’ म्हटलं होतं. पण त्या शाळेत त्या दोघी आहेत. मग ‘दोघी मिळून’ असं लिहिलं. कुणी शाळेत फोन करून विचारलं तर गुरुजींचं बोलणं आणि कागद जुळले पाहिजेत. आणि खरं सांगायचं तर ‘दोघी मिळून’ यानं कागद हलका होत नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चार बायका असतात, तिथे दुसरीबरोबर सात वर्षं न भांडता काम केलं, हेही त्यांना हवंच असतं.

‘कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ’ हे तीन शब्द आम्हाला जवळजवळ प्रत्येक कागदावर दिसतात. ते खोडा. कुणी आपल्याबद्दल ‘आळशी’ असं लिहील का? त्या शब्दांच्या जागी एक घडलेली गोष्ट लिहा. ‘तीन वर्षे सकाळी सहाला दूध संकलन केंद्र उघडले’ असं लिहिलं की कष्टाळू वेगळं सांगावं लागत नाही.

आता जरा अवघड गोष्ट. मध्येच सुटलेली वर्षं. बाळंतपणं झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, नवरा गेला, कामाला बाहेरगावी गेलो. या वर्षांचं काय लिहायचं? आमच्याकडे एक बाई आली, तिला एका खासगी दवाखान्यात आयाचं काम हवं होतं. नववी शिकलेली. २०१३ ते २०१९ या वर्षांत काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर गप्प. मग सांगितलं, सहा हंगाम ऊस तोडला. तुमच्यापैकी ज्यांच्या घरातून कोयता जातो त्यांना सांगायला नको. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल नवऱ्याच्या हातात, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. निम्मं काम जिनं केलं तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

यावर आमच्या चौघींतच वाद झाला. एक म्हणाली, लिहू नका, दवाखान्यातली माणसं नाक मुरडतील, त्यापेक्षा ‘घरकाम’ लिहा. दुसरी म्हणाली, मग सहा वर्षांचं काय सांगणार? आमचं चाललेलं ती ऐकत होती. शेवटी तीच म्हणाली, “लिहा. मी काही चोरी केली नाही.” मग लिहिलं : ‘२०१३ ते २०१९, सहा हंगाम ऊसतोडणी. पहाटे चारपासून काम, रात्री गाडी भरणे. टोळीतील आजारी बायका व मुलांना दवाखान्यात नेणे, औषधे वेळेवर देणे.’ हे शेवटचं तिनं बोलता बोलता सांगितलं होतं, तिच्या दृष्टीनं ते काम नव्हतंच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून एकच प्रश्न विचारला, रात्रपाळी जमेल का? आता ती तिथेच आहे. आमच्यातल्या ज्या बाईनं लिहू नका म्हटलं होतं, तिनं हे आज रेडिओवर सांगायला परवानगी दिली आहे.

घरच्या आजारपणामुळे वर्षं गेली असतील तर एका ओळीत लिहा आणि पुढे जा. ‘२०१८ ते २०२१, सासूबाईंच्या आजारपणामुळे घरी. आता पूर्ण वेळ काम करू शकते.’ बस. दुःख कागदावर मांडायचं नाही, लपवायचंही नाही.

शिक्षणाचं बघू. दहावीला एक-दोन विषय राहिले असतील तर ‘दहावी पास’ लिहू नका. ‘दहावीपर्यंत शिक्षण’ लिहा. पुढे मार्कशीट मागितली की खोटं उघडं पडतं आणि मग हिशेबाची वहीसुद्धा खोटी वाटायला लागते. ज्यांचं राहिलं आहे त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. तो भरला असेल तर कागदावर तसं जरूर लिहा : ‘दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे.’ बारावीनंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून कुणी पदवी करत असेल तर तेही, पुरं झालेलं नसलं तरी कितव्या वर्षाला आहे ते. एमएससीआयटी केलं असेल तर शिक्षणाच्या शेजारीच लिहा, खाली कुठेतरी कोपऱ्यात नको. बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिवणकाम, शेळीपालन शिकलेल्या कितीतरी जणी आहेत आपल्यात, प्रमाणपत्र मात्र पेटीच्या तळाशी. आणि हातातलं काम येतं पण कागद नाही, अशांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली होती. तुमच्या भागात सध्या असं काही चालू आहे का, ते गटाच्या सीआरपी ताईला विचारा.

संगणक येत नसेल तर येतो म्हणू नका. मोबाइलवरून पैसे पाठवता येतात, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो, गटाची माहिती अ‍ॅपमध्ये भरता येते, यातलं जे येतं ते लिहा. बऱ्याच ठिकाणी तेवढंच लागतं.

नावाचा घोळ तर घरोघरी. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. वाचणाऱ्याला वाटतं दोन बायका आहेत. वर आधारवरचं नाव लिहा आणि लगेच खाली ‘शाळेच्या दाखल्यावरील नाव’ म्हणून दुसरं. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर त्याची झेरॉक्स जोडा. नोंदणी केलीच नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा, हा दाखला पुढेही बारा ठिकाणी लागतो.

आणि फोन नंबर! यावर आम्ही दोन तास बोलू शकतो. एका मैत्रिणीनं मुलाचा नंबर दिला होता. मुलगा शेतात. फोन आला, त्यानं विचारलं कोण पाहिजे, पलीकडून आईचं नाव, पण कागदावरचं, शाळेतलं. मुलाला आईचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. “राँग नंबर” म्हणून ठेवून दिला. नोकरी तिथेच गेली. फोन तुमचा असेल तर तुमचाच नंबर द्या. नसेल तर ज्याचा देणार त्याला आधी सांगून ठेवा, तुमची दोन्ही नावं सांगा, आणि कागदावर लिहा की फोन कोणाचा आहे व किती वाजता करावा. शेजारणीचा नंबर दिला तर लाज नाही, पण तिला माहीत हवं.

जात, गोत्र, देवक, वजन, नवऱ्याचं उत्पन्न, यातलं काही लिहायचं नाही. जात आरक्षणाच्या जागेसाठी लागते, तिथे अर्जात रकाना असतो. लेकरं किती हेही लिहायची गरज नाही. मुलाखतीत विचारतात, ते आम्हाला पटत नाही, पुरुषांना कोण विचारतं? पण विचारलं तर चिडून न जाता, मुलं कोण सांभाळणार ते सांगून टाका.

आता झेरॉक्सच्या दुकानाबद्दल. तीस-चाळीस रुपयांत बायोडाटा करून मिळतो. दुकानदाराकडे एक साचा असतो, तो नाव बदलतो आणि छापून देतो. वर इंग्रजीत चार ओळी असतात, त्यांचा अर्थ त्याला माहीत नसतो आणि आपल्याला तर नाहीच. आमच्यातल्याच एकीनं अशा कागदावर अर्ज केला. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, तुम्ही कोणत्या संघात खेळता? तिला काही कळेना. ‘छंद’ या रकान्यात आधीच्या पोराचं क्रिकेट तसंच राहिलं होतं. आता ती सांगते तेव्हा आम्ही पोट धरून हसतो, त्या दिवशी मात्र ती एसटी स्टँडवर बसून रडली होती. म्हणून आधी हातानं मराठीत लिहा, मग टाइप करायला द्या, आणि छापलेला कागद दुकानातच उभं राहून शब्द न् शब्द वाचा. इंग्रजीत मागितला असेल तर कुणाकडून तरी एकेका ओळीचा अर्थ समजून घ्या. ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही ती आपल्या कागदावर ठेवायची नाही. एक पान पुरे. सगळीकडे तोच कागदही चालत नाही. गोदामाला देताना हिशेबाचं काम वर, वसतिगृहाला देताना स्वयंपाकाचं वर. त्यांना जे हवं ते आधी.

कागदाच्या खाली दोन माणसांची नावं द्या, ज्यांना तुमचं काम माहीत आहे : मुख्याध्यापक, ग्रामसंघाच्या अध्यक्ष, बँकेतले अधिकारी, आशाताई. नात्यातलं कुणी नको. आणि त्यांना आधी विचारून घ्या.

इथे गटांसाठी एक सूचना आहे. कुठलाही कारखाना अनुभवाचं पत्र देतो, मग गटानं का देऊ नये? गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या, इतिवृत्तात ठराव लिहा आणि जिनं काम केलं तिला पत्र द्या : कोणतं पद, कधीपासून कधीपर्यंत, काय काय काम केलं. खाली गटाचा शिक्का. सही अध्यक्ष आणि सचिवांची. पत्र सचिवालाच हवं असेल तर तिनं स्वतः सही करायची नाही, कोषाध्यक्षानं करायची. आणि मैत्रीखातर खोटं पत्र द्यायचं नाही. एकदा बँकेनं किंवा कंपनीनं खोटं पकडलं की पुढच्या दहा जणींची पत्रं वाया जातात. आमच्या ग्रामसंघानं आतापर्यंत अशी सहा पत्रं दिली. एक नाकारलं, त्यावरून बैठकीत बरंच बोलणं झालं, ते सध्या मिटलेलं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मूळ दाखले कुणालाही द्यायचे नाहीत, दाखवायचे आणि परत घ्यायचे. झेरॉक्सवर स्वतःची सही करायची. आधारची झेरॉक्स मागितली तर तिच्यावर आडवं लिहा, ‘फक्त नोकरीच्या अर्जासाठी’ आणि तारीख. नोकरी लावून देतो म्हणून नोंदणीचे, ड्रेसचे, ट्रेनिंगचे पैसे आधी मागणारा कोणीही असो, गावातला असला तरी, उठून यायचं. फोनवर आलेला ओटीपी नोकरीसाठी म्हणून कुणालाही सांगायचा नाही, कधीच नाही.

कागद दिला की कुठे दिला, कोणत्या तारखेला, कुणाच्या हातात, हे वहीत लिहून ठेवा. आठ-दहा दिवसांनी एक फोन करा. चिकटपणा वाटतो, पण त्या गोदामवाल्या ताईला दुसरी जागा कळली ती अशाच फोनवरून.

आता पेन्सिल हातात आहेच तर रेडिओ बंद केल्यावर एवढं करा. वरच्या ओळीत तुमचं गटातलं पद लिहा. पद नसेल तर तुम्ही रोज करता ते सर्वांत मोठं काम लिहा. त्याच्यापुढे आकडा. त्याच्यापुढे वर्षं. आकडा आठवत नसेल तर वही काढा, नाहीतर घरात ज्याला आठवत असेल त्याला विचारा. पुढच्या बुधवारी दुपारी दोनला आम्ही ग्रामसंघाच्या खोलीत आहोत. तो कागद, शाळेचा दाखला आणि असतील ती प्रमाणपत्रं पिशवीत घालून आणा. चष्मा लागत असेल तर चष्माही आणा, मागच्या वेळी एकच चष्मा पाच जणींत फिरत होता.